डेअरीच्या खिडकीपाशी

सकाळचे साडेसहा. करवीर, कागल, शिरोळ, कुठल्याही तालुक्यातलं गाव घ्या, डेअरीपुढं रांग असतेच. किटली कट्ट्यावर ठेवायची, दूध काट्यावर जाणार, चमचाभर नमुना बाटलीत, मशिनची नळी त्यात बुडणार आणि मिनिटभरात आकडा येणार. 6.4, म्हणजे दुधातल्या फॅटची, स्निग्धांशाची टक्केवारी. पावती फाटली, पुढचा. सभासदाच्या वाट्याला ही भेट येते दीड-दोन मिनिटांची. पण सकाळ-संध्याकाळ धरली तर वर्षातनं सातशे तीस वेळा. आमदाराची आणि त्याची गाठ वर्षातनं एकदा पडली तरी पुष्कळ. तरी सत्ता कुणाकडं आहे हे सांगताना आपण आमदारापासून सुरुवात करतो.

कोल्हापूरच्या राजकारणाची चर्चा गट, घराणी, इर्षा आणि कोण कुणाच्या गाडीत बसला यांभोवतीच फिरते. ती रंगतेही छान. पण एवढ्या मोठ्या गटांना रोजचं खाणं कुठून मिळतं, हा प्रश्न त्यात राहून जातो. आपल्या हक्काची वस्तू दुसऱ्याच्या हातात असते आणि ती घेण्यासाठी त्याच्यापुढं उभं राहावं लागतं, अशा लहान लहान भेटींतनं इथलं पुढारपण तयार होतं, असं आमचं मत आहे. हक्काचं तेच उपकार म्हणून पदरात पडतं आणि उपकार मतपेटीत फेडला जातो. सहकारातल्या निवडणुकांचे नियम कितीही बदला, या भेटीची रचना तशीच राहिली तर माणसं बदलतील, वळण बदलणार नाही.

आधी मशिनचंच बघू.

पूर्वी फॅट काढायची ती गर्बर पद्धतीनं. ब्युटिरोमीटर नावाच्या काचेच्या नळीत 10 मिली सल्फ्युरिक आम्ल, त्यावर 10.75 मिली दूध, 1 मिली अमाईल अल्कोहोल, मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं, 65 अंशांच्या पाण्यात ठेवायचं आणि नळीवरची रेघ वाचायची. हे सगळं रांगेत उभ्या माणसासमोर होणं शक्य नव्हतं. नमुने जमा व्हायचे, सभासद घरी जायचा, रेघ मागाहून वाचली जायची. ती वाचणारा सांगेल तो आकडा. इलेक्ट्रॉनिक मशिन आलं आणि आकडा रांगेत, सभासदाच्या नाकासमोर येऊ लागला. दूध तेच, सचिव तोच, पण भेटीची जागा आणि वेळ बदलली आणि त्यासरशी सत्ता थोडी सरकली. एखादा कायदा करून एवढं साधलं नसतं.

थोडीच सरकली, कारण बऱ्याच ठिकाणी मशिनचा डिस्प्ले आतल्या बाजूला तोंड करून ठेवलेला असतो. शिवाय मशिन चुकतं, आणि त्याच्या चुकण्याची कारणं ठरलेली आहेत. दूध न ढवळता वरचं वर नमुना घेतला तर साय त्यात येते, फॅट जास्त दिसतं. तळातलं घेतलं तर कमी. नुकत्या काढलेल्या फेसाळ दुधात हवेचे बुडबुडे असतात, तसाच नमुना लावला तर आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. नळी दोन वेळच्या मध्ये नीट धुतली नाही तर आधीच्या दुधाचा चिकटपणा आत राहतो. आणि ठरावीक दिवसांनी तोच नमुना गर्बरनं काढून मशिनच्या आकड्याशी ताडून बघितला नाही, तर मशिन हळूहळू एका बाजूला झुकतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

फरक किती पडतो? एका वेळचं दहा लिटर म्हशीचं दूध धरा. फॅटच्या एका पॉइंटचा, म्हणजे 0.1 चा फरक म्हणजे सुमारे 10 ग्रॅम फॅट. हिशेबापुरता किलो फॅटला 800 रुपये दर धरला तर 8 रुपये. दहा दिवसांच्या बिलात वीस वेळा दूध जातं, 160 रुपये. वर्षाला साडेपाच हजारांच्या वर. मापाचंही तसंच. काटा 5.96 दाखवतो आणि वहीत 5.9 लागतं. पुढचा अंक सरसकट सोडला तर दर वेळी सरासरी 0.05 लिटर जातं, वीस वेळांत एक लिटर. दोनशे सभासदांच्या डेअरीत दहा दिवसांत दोनशे लिटर दूध असं वर येतं की ज्याला मालक नाही. ते संस्थेच्या नफ्यात गेलं तर निदान दिवाळीला वाटतात त्या दरफरकात परत येईल. कुठं जातं हे विचारणारा मात्र कुणीतरी लागतो.

आणि विचारणं हेच अवघड आहे. रांगेतली बाई म्हणते, "आप्पा, जरा परत लावा की, काल सहा-सहा होती." उत्तर येतं, "मशिन काय खोटं बोलतंय व्हय काकी?" आवाज चढलेला नसतो. मागचे चौघं हसतात, पाचवा घड्याळ बघतो. एवढ्यानं भागतं. फॅट परत लावायला मिनिट लागतं, पण त्या मिनिटात ती बाई सगळ्या रांगेला खोळंबा करणारी आणि सचिवाला चोर म्हणणारी ठरते. शिवाय त्याच आप्पाकडनं तिनं पशुखाद्याची दोन पोती बिलातनं कापायच्या बोलीवर नेलेली असतात. लेकीच्या बाळंतपणाला उचल त्याच्याच सहीनं मिळालेली असते. म्हैस माजावर आली की डॉक्टरला फोन तोच करतो. एका माणसाच्या हातात चार दोऱ्या असल्या की एकीला झटका द्यायची कुणाची छाती होत नाही. सचिव वाईट असण्याची यात गरजच नाही. उलट तो मायाळू असला तर दोऱ्या जास्त घट्ट बसतात.

म्हणून इथं उपाय माणूस बदलण्याचा करायचा नसतो. रोज सकाळी सभासद क्रमांकाच्या पाच चिठ्ठ्या काढाव्यात आणि त्या पाच जणांचं दूध दोनदा लावावं, दोन्ही आकडे फळ्यावर लिहावेत. मग फेरतपासणी मागावी लागत नाही, ती होतेच, कुणाच्या तोंडावर संशय फेकला जात नाही. डिस्प्ले बाहेर वळवावा. नमुना घेण्याआधी दूध सभासदानं स्वतः ढवळावं. वैधमापन विभागाचा दरवर्षीचा शिक्का काट्यावर कुठं आहे ते खिडकीवरच लिहावं. फॅट लावणारा आणि उचल मंजूर करणारा एकच माणूस नसावा. दिवसाला तीनशे लिटरच्या डेअरीला दोन माणसं परवडत नाहीत हे खरं, पण तिथं उचलीचा निर्णय महिन्यातल्या एका ठरलेल्या बैठकीत तीन संचालकांनी घ्यायला काय हरकत आहे?

आता या खिडकीतनं वर चढू. गावातली डेअरी ही जिल्हा संघाची सभासद, गावातला दूध उत्पादक नव्हे. 1963 साली स्थापन झालेला कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजे आपला गोकुळ, दिवसाला दहा लाख लिटरहून जास्त दूध गोळा करतो, ते लाखो घरांतनं येतं. पण त्याच्या 2021 च्या निवडणुकीत मतदार किती होते? साडेतीन हजारांच्या आसपास. प्रत्येक संस्था आपल्या वतीनं मत द्यायला एका माणसाच्या नावाचा ठराव करते, आणि तो ठरावधारक मत देतो. बहुतेक गावांत हा ठराव संचालक मंडळाच्या बैठकीत होतो. दोनशे उत्पादकांचं मत दहा-बारा संचालकांत येतं, तिथनं एका खिशात. संघाचा पुढारी व्हायचं असेल त्याला दोनशे जणांशी बोलायचं कारण उरत नाही. गावागणिक एक माणूस धरला की झालं. मग त्या एका माणसासाठी जेवणं, सहली, रात्रीच्या जोडण्या, ठराव कुणाच्या नावाचा यावरनं भावाभावांत अबोला.

लोक याला नीतीचा प्रश्न समजतात. आमच्या मते तो आधी अंकगणिताचा आहे. मतदार किती, यावर पुढाऱ्याची भेटण्याची रीत ठरते. साडेतीन हजार मतदार असले की माणूस माणसाला धरतो, ताट मांडतो, फिरायला नेतो. साखर कारखान्यात सभासद व्यक्ती असते आणि एका सभासदाला एक मत. तिथं हजारो जणांना जेवू घालून भागत नाही, तिथं लग्न, मयत आणि रक्षाविसर्जन चुकवायचं नसतं आणि उसाची तोड वेळेवर द्यायची असते. विधानसभेला मतदार लाखांवर. तिथं तालीम, तरुण मंडळ आणि चौकातला डिजिटल फलक. त्याच घराण्यातला तोच माणूस तीन निवडणुकांत तीन तऱ्हेनं वागताना दिसतो तो यामुळं. त्याचा स्वभाव शोधत बसणाऱ्यांनी एकदा मतदारयादीची पानं मोजावीत.

ठरावाचं वळण बदलायला कायदा बदलायची वाट बघायला नको. ठराव करण्याआधी संचालक मंडळानं सभासदांची सभा घेऊन नाव विचारायला कुणाची आडकाठी नाही. मत कुणालाही द्या, पण संघ मल्टिस्टेट, म्हणजे अनेक राज्यांत काम करणारा करावा का, अशा प्रश्नावर गावाचं म्हणणं काय ते लिहून न्या, एवढं सांगायलाही नाही. 2018 साली गोकुळ मल्टिस्टेट करण्यावरनं वार्षिक सभेत जो गोंधळ झाला, तो आवाजाचा आवाजाशी होता. गावोगावच्या डेअऱ्यांत त्यावर सभा होऊन लेखी मतं आली असती, तर व्यासपीठाला आवाज मोजावे लागले नसते.

उसाबद्दल थोडक्यातच, कारण ते सगळ्यांना पाठ आहे. तोड लागणीच्या नोंदीच्या क्रमानं यायची असते. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने शेतात उभा राहतो. पुढं तोड लांबली की तुरा येतो, वजन घटतं, रान मोकळं न झाल्यानं पुढचं पीक हुकतं. तोडलेला ऊस गाळायला उशीर झाला तर साखरेचा उतारा पडतो. म्हणून क्रम पुढंमागं करण्याची ताकद ज्याच्या हातात, तो तोडीची चिठ्ठी देणारा स्लिपबॉय असो की शेती ऑफिसातला कारकून, त्याच्यापुढं चार एकराचा धनीही नरमतो. टोळीला खुशाली, ड्रायव्हरला एंट्री म्हणून द्यायचे वरचे पैसे, हे त्याच नरमाईचे दर. एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, ऊस घातल्यापासून 14 दिवसांत द्यायची असं 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो, म्हणून भावासाठी जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत हजारो एकत्र येऊन भांडू शकतात. क्रमासाठी मात्र प्रत्येकाला एकेकट्यानं जाऊन हात जोडावे लागतात, कारण क्रमाची यादी कुणाला दिसत नाही. गटवार यादी लागणीच्या तारखेसह चावडीवर लावा, रोज तोडलेलं नाव खोडा. खुशाली त्यानं एका हंगामात बंद होणार नाही, पण कुणाचा नंबर कुणाच्या फोननं वर गेला ते तरी दिसेल.

इथं एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. सगळं फळ्यावर, यादीवर, मशिनवर गेलं तर माणूस माणसाला विचारेनासा होईल. कोल्हापूरचं मोठेपण तर माणूस जपण्यात आहे. रात्री दोनला सीपीआर या सरकारी दवाखान्यात पेशंट न्यायचा तर फोन कुणाला करायचा, फळ्याला?

फोन माणसालाच करायचा. आमचा विरोध भेटीला नाही. भेटीत काय हातात धरलेलं आहे, याला आहे. दुःखात, भांडणात, मन वळवण्यात माणसाशिवाय चालत नाही, आणि तिथं भेटीनं काय होऊ शकतं याचं याच शहरातलं उदाहरण जगाला सांगावं असं आहे. शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 रोजी नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखल्या, तो कागद. 1919 मध्ये शाळा, दवाखाने, पाणवठे अशा ठिकाणी अस्पृश्यता पाळायची नाही असे हुकूम काढले, तेही कागद. पण अस्पृश्य समाजातल्या गंगाराम कांबळे यांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल टाकलं तेव्हा गिऱ्हाईक फिरकेना, आणि चहा प्या असा हुकूम काढता येत नाही. महाराज तिथं गाडी थांबवून चहा मागवू लागले आणि बरोबरच्या सरदार-दरकदारांना पाजू लागले. सहीसाठी आलेल्यांनाही आधी तो चहा घ्यावा लागायचा, असं सांगतात.

या हकिगतीतली भावना सगळे सांगतात, तिची रचना कुणी सांगत नाही. महाराजांच्या हातातही सही होतीच, म्हणजे दुसऱ्याला हवी असलेली वस्तू. डेअरीतला आप्पा आणि छत्रपती या बाबतीत एकाच जागी उभे आहेत. फरक असा की आप्पापुढं दुबळा माणूस वाकतो, आणि त्या चहाच्या टपरीपुढं वाकावं लागलं ते वरच्या जातीतल्या मानकऱ्यांना. आणि हे सगळं रस्त्यावर, चारचौघांत. आडोशाला प्यायलेल्या चहानं कुणाची जात हलली नसती. 1920 च्या मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत त्यांनी तेव्हा तिशीही न गाठलेल्या डॉ. आंबेडकरांना अस्पृश्यांचा खरा पुढारी म्हणून सगळ्यांसमोर पुढं केलं. आपल्या हातातलं पुढारपण दुसऱ्याच्या हातात जाहीरपणे देणारी अशी भेट आज जिल्ह्यात कुणी घडवल्याचं दिसत नाही. इथं पुढारपण मुलाला देतात.

कागद आणि भेट दोन्ही लागतात, हे शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं अलीकडं पुन्हा दाखवलं. मे 2022 मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून तो इतर गावांपुढं ठेवला. ठराव चांगलाच होता. पण मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं हे पंचायतीच्या कचेरीत होत नाही. ते मयताच्या घरी, अंगणात, दोन-तीन वडीलधाऱ्या बायांच्या हातून, पाच मिनिटांत होऊन जातं. त्या पाच मिनिटांत "राहू दे तिच्या हातात" म्हणणारी एक थोरली जाऊ किंवा चुलत सासू हजर असली तर ठराव जिवंत, नसली तर तो इतिवृत्ताच्या वहीत. जिथं असे ठराव झाले तिथं आधी अशा बायांशी बोलणं करावं लागतं. त्यांची नावं ठरवून, मयताची बातमी आल्याबरोबर त्यांनी जायचं, असं. सरपंचानं जाऊन उपयोग नाही, अंगणात त्याचं काही चालत नाही.

देण्यासारखं हातात काहीच नसताना पुढारपण उभं राहतं का? राहतं. शहरातल्या रस्त्यांच्या प्रकल्पासाठी टोल बसला तेव्हा प्रा. एन. डी. पाटील आणि कॉ. गोविंद पानसरे लोकांच्या पुढं होते. दोघांकडं ना स्लिप होती ना उचल, ना नोकरीची चिठ्ठी. कृती समितीत एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष एका सतरंजीवर बसले, तालमीतालमींतनं माणसं निघाली, वर्षानुवर्षं मोर्चे झाले आणि टोल गेला. सगळे गट जमले, कारण या दोघांनी जमवल्यानं कुणाचं पारडं जड होणार नव्हतं. तेच लोक सहकारी संस्थांच्या निवडणुकीला मात्र आपापल्या खिडकीपाशी परत गेले, यात आश्चर्य काही नाही. टोल नाक्यावर त्यांचं कुणाकडं काही अडकलेलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट खिडकीपाशीच दिसते. म्हशीचं शेण काढणारी, वैरण आणणारी, धार काढणारी बहुतेक घरांत बाई, आणि पासबुकावर नाव बापयाचं. सभासद तो, म्हणून सभेची नोटीस त्याला, मत त्याला, ठरावाची चर्चा त्याच्या कट्ट्यावर. संचालक मंडळात महिलांना दोन जागा कायद्यानं राखल्यात, पण त्यावर बसायला सभासद बाई हवी, म्हणून ऐन वेळी कुणाच्या तरी सुनेच्या नावावर शेअर घेतला जातो. बैठकीची सही घरी येते. दूध घालणारीच्या नावावर सभासदत्व करून घेणं हा इथला सगळ्यात स्वस्त बदल आहे. शेअरची रक्कम, अर्ज, जनावर घरात असल्याचा दाखला, एवढंच. अडतं ते घरात, "आता दोन-दोन नावं कशाला?" या वाक्यापाशी. बिल तिच्या खात्यावर जमा व्हायला लागलं की घरातलीही एक दोरी हात बदलते, हे ते वाक्य म्हणणाऱ्याला नीट कळलेलं असतं.

सहकारी संस्थांची वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणजे दरसाल ही संधी येते. ती वाया कशी जाते तेही ठरलेलं आहे. अहवाल सभेच्या दारात मिळतो, ताळेबंद चाळेपर्यंत "मंजूर, मंजूर" झालेलं असतं आणि महत्त्वाचं सगळं "आयत्या वेळच्या विषयां"त ढकललेलं असतं, तोवर मागं जेवणाची पंगत बसलेली असते. सभेत उठून विचारणं हे रांगेत फॅट परत लावायला सांगण्यासारखंच आहे, एकट्यानं केलं तर हसं होतं. म्हणून ते सभेआधी आणि लेखी करावं. सहकार कायद्याचं कलम 32 सभासदाला कचेरीच्या वेळेत ताळेबंद, सभासदांची नोंदवही, सभांची इतिवृत्तं आणि स्वतःच्या व्यवहारापुरती हिशेबाची पानं फुकट बघायचा हक्क देतं. फी भरली की महिन्याच्या आत नकलाही द्याव्या लागतात. अर्ज ऑगस्टमध्येच टाकावा, एकट्यानं नाही, पाच-सात जणांनी एकाच दिवशी, पोच घेऊन. मागायचं काय तेही नेमकं असावं. वर्षभरात खरेदीपेक्षा जास्त निघालेलं दूध किती लिटर आणि त्याचे पैसे कोणत्या खात्यावर गेले. मशिन गर्बरशी शेवटचं कधी ताडलं. उचल कुणाला किती, थकीत किती. लेखापरीक्षकानं दाखवलेल्या दोषांची दुरुस्ती झाली का.

आणि सभेच्या दिवशी मांडव घालणाऱ्याला आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवायचं, की एक माईक खाली, बायका बसतात त्या बाजूला लागेल. भाडं फार नसतं. खालच्या माईकची वायर किती लांब ठेवायची यावरनं जो वाद होईल, तो इतिवृत्तात लिहून घ्यावा.